मधुमेहात पायाची जखम भरत नाही तेव्हा: पहिल्या दिवसापासून काय करायचं

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळव्याला जखम होते, पण ती दुखत नाही. त्यामुळे घरात कोणी फारसं मनावर घेत नाही. चार दिवस एक मलम, मग दुसरं मलम, मग कोणीतरी सांगितलेला लेप. महिना सरतो आणि जखम तेवढीच राहते, किंवा जराशी मोठीच होते. हा लेख अशा घरांसाठी आहे. जखम नुकतीच लक्षात आली आहे, पुढे काय करायचं ते कळत नाही, आणि दवाखान्यात काय विचारायचं तेही ठाऊक नाही, अशांनी तो वाचावा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा जखमेवर काय लावलं याला फार थोडं महत्त्व आहे. तिच्यावर वजन किती पडतं, तिच्यापर्यंत रक्त किती पोचतं आणि आत जंतू कुठवर गेलेत, या तीन गोष्टींवर तिचं भरणं ठरतं. मलमाचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी ठरवा: आत्ता निघायचं की उद्या सकाळी

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी वाट बघू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा:

- जखमेच्या कडेपासून २ सेंमीपेक्षा पुढे लाली पसरली आहे, किंवा लाल रेघ वर घोट्याकडे चढते आहे
- पू येतो आहे, घाण वास येतो आहे, पाय सुजून गरम झाला आहे
- बोट निळं-काळं पडलं आहे, किंवा पाऊल थंडगार आणि फिकट आहे
- दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागते
- थंडी वाजते, ताप आहे, गळून गेल्यासारखं वाटतं, किंवा शुगर कारण नसताना एकदम चढली आहे
- एरवी न दुखणारा पाय आता दुखायला लागला आहे

यात एक मोठी फसगत आहे. मधुमेहात पायात खोल जंतुसंसर्ग असूनही अनेकांना ताप येत नाही. म्हणून 'अंगात ताप नाही ना, मग बघू सोमवारी' हे चालत नाही. लाली दिसली की तिच्या कडेने साध्या पेनाने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. काही तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर कुणाला विचारत बसायची गरज नाही, निघायचं.

यातलं काहीच नसेल, फक्त एक उघडी जखम असेल, तरी एका दिवसाच्या आत ती डॉक्टरांना दाखवायला हवी. आठवड्याने दाखवली तर चालत नाही. तोवर घरी एवढंच करा: त्या पायावर चालणं थांबवा, जखम सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, स्वच्छ कोरडं गॉज ठेवा आणि सैल पट्टी बांधा. पाय पाण्यात भिजवत ठेवू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, हळूहळू कातडी खाणाऱ्या भोवरीच्या पट्ट्या, शेकणं, ब्लेडने घट्टा तासणं, यातलं काहीही घरी करायचं नाही. भोवरीच्या पट्टीत ॲसिड असतं. ज्याला जळजळ कळतच नाही त्याच्या पायावर ते किती आत गेलं हे दुसऱ्या दिवशी कळतं.

ही जखम इतरांसारखी का भरत नाही

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सर्वांत लांबच्या नसा (मज्जातंतू) आधी बिघडतात, म्हणजे पायाच्या बोटांच्या. त्यातून तीन गोष्टी होतात. स्पर्श आणि वेदना कळेनाशा होतात. पावलाचे छोटे स्नायू दुबळे होऊन बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी वाकतात आणि चवड्याची हाडं खाली टेकू लागतात. तळव्याला घाम येणं थांबतं, म्हणून कातडी कोरडी पडून भेगा जातात. मग चवड्याच्या एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दाब पडतो, तिथे घट्टा जमतो, आणि तो घट्टाच बुटातल्या खड्यासारखा आतलं मांस चिरडत राहतो. आत रक्त साकळतं, वरून काही दिसत नाही. एक दिवस घट्टा फुटतो आणि जखम 'अचानक' दिसते. ती खरं तर कित्येक दिवस आत तयार होत होती.

पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने कुष्ठरोग्यांवर काम करताना हीच गोष्ट दाखवून दिली होती. हातापायांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे माणूस त्यांना रोज इजा करत राहतो. पुढे कुष्ठरोग्यांच्या पायासाठी वापरलेलं प्लास्टर मधुमेहींच्या पायासाठी आलं, आणि ते आजही या उपचारातलं सर्वांत खात्रीचं साधन आहे. त्याकडे पुढे येऊच.

वेदना म्हणजे लंगडायला लावणारी व्यवस्था. आपल्याला टाचेला खिळा लागला तर आपण नकळत पाय तिरका टाकतो. बधिर पाय मात्र जखमेवर पूर्ण वजन टाकून सरळ चालतो. अशा माणसाला जखम असूनही लंगडताना कोणी पाहत नाही, म्हणून घरच्यांनाही ती किरकोळ वाटते.

बधिरपणा घरी कसा तपासायचा

डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून किंवा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून हे बघतात. घरीही एक साधी स्पर्शचाचणी करता येते. माणसाला मोजे काढून आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. स्पर्श कळला की 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं, एवढं ठरवा. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद अलगद टेकवा. दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श. दाबायचं नाही, गुदगुली करायची नाही, आणि एकदा कळलं नाही म्हणून तेच बोट पुन्हा करायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पायाची संरक्षक जाणीव कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

रक्त पोचतंय का, हे कोणीतरी तपासलंच पाहिजे

जखम भरायला लागणारा सगळा माल रक्तातून येतो. रक्तवाहिनी चोंदलेली असेल तर ड्रेसिंग कितीही मनापासून करा, उपयोग होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी पायाच्या दोन नाड्या बोटाने तपासायला हव्यात: एक पावलाच्या वरच्या बाजूला, दुसरी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे. त्या लागत नसतील, किंवा लागतात की नाही याची शंका असेल, तर डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघणारी तपासणी) आणि घोटा व दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर बघतात.

या गुणोत्तराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि पट्ट्याने दबत नाहीत. मग घोट्याचा रक्तदाब खोटाच चांगला दिसतो. आकडा १.३ च्या वर गेला असेल तर ती खुशखबर नव्हे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात, कारण बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या सहसा इतक्या कडक झालेल्या नसतात. अंगठ्याचा दाब ३० मिमीपेक्षा कमी किंवा घोट्याचा ५० पेक्षा कमी असेल तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना तातडीने दाखवायचं. फुगा घालून वाहिनी उघडणं किंवा बायपास, यांपैकी काही शक्य आहे का ते ठरवायला तपासण्या करतात.

बोट काढावं लागेल असं कुणी सांगितलं तर एक प्रश्न शांतपणे विचारायचा: 'पायाचा रक्तपुरवठा तपासून झालाय का, आणि तो वाढवता येईल का?' संसर्ग भराभर चढत असेल तर पू मोकळा करायला शस्त्रक्रिया लगेच करावी लागते, तिथे थांबता येत नाही. पण तशी घाई नसताना रक्तपुरवठा न बघता कापणं म्हणजे कापलेली जागाही न भरण्याचा धोका पत्करणं.

जखमेवरचं वजन उतरवा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथेच सर्वांत जास्त उपचार फसतात.

चवड्याखालच्या किंवा बोटाखालच्या बधिर जखमेसाठी पहिली पसंती असते गुडघ्याखालपर्यंत येणाऱ्या, रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या साधनाला. त्याचा जुना आणि नामांकित प्रकार म्हणजे पायाच्या आकाराला अगदी घट्ट लागून बसणारं प्लास्टर. हाड मोडल्यावर घालतात त्याच्यात भरपूर कापूस असतो. यात तो अगदी कमी असतो, म्हणून पाय आत हलत नाही. वजनाचा एक भाग नडगीच्या आणि पोटरीच्या बाजूने वर उचलला जातो आणि उरलेला सगळ्या तळव्यावर पसरतो. जखमेच्या बिंदूवरचा दाब उतरतो. सुरुवातीला सूज ओसरून प्लास्टर सैल होतं, म्हणून पहिलं काही दिवसांतच बदलतात, नंतर साधारण आठवड्याने. हे बांधायला शिकलेला हात लागतो. चुकीचं बांधलं तर प्लास्टरच नवी जखम करतं.

काढता न येणारं साधन का, असं प्रत्येक जण विचारतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढता येणारे बूट दिलेल्या रुग्णांची पावलं यंत्राने मोजली. दिवसभराच्या एकूण पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं त्यांनी तो बूट घालून टाकली होती. ही माणसं बेफिकीर होती असं नाही. बाहेर जाताना बूट घालायचा आणि घरात आल्यावर काढायचा, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं. रात्री बाथरूमला जाणं, दार उघडायला उठणं, स्वयंपाकघरातून पाणी आणणं, ही सगळी पावलं 'चालण्यात' मोजलीच जात नाहीत. जखम मात्र प्रत्येक पाऊल मोजते. म्हणूनच पुष्कळ डॉक्टर काढता येणाऱ्या बुटाला बाहेरून पट्टी किंवा प्लास्टरचा वेढा घालून तो न काढता येणारा करून टाकतात. युक्ती साधी आहे आणि चालते.

प्लास्टर सगळ्यांना चालत नाही. संसर्ग आणि पायाच्या रक्तपुरवठ्याची कमतरता दोन्ही एकत्र असतील, किंवा दोन्हींपैकी एक जरी जोरात असेल, तर जखम रोज बघावी लागते. मग काढता येणारं साधन देतात. तोल जाणाऱ्या, दृष्टी कमी झालेल्या माणसालाही विचार करूनच द्यावं लागतं. पडून मांडीचं हाड मोडलं तर जखमेपेक्षा मोठं संकट. साधनं मिळतच नसतील तर जखमेची जागा मोकळी सोडून भोवती जाड फेल्टचा (दाबून केलेल्या लोकरी कापडाचा) थर कातडीला किंवा बुटाच्या तळाला चिकटवतात, आणि वर बोटांना पुरेशी जागा असलेली चप्पल देतात. हा शेवटचा पर्याय, पण नुसत्या पट्टीपेक्षा कितीतरी बरा.

आणखी काही गोष्टी, ज्या सहसा कोणी सांगत नाही:

- साधनामुळे तो पाय उंच होतो. दुसऱ्या पायाच्या बुटाखाली तेवढाच जाड तळ लावून घ्या, नाहीतर कंबर आणि गुडघा तक्रार करतात आणि माणूस साधन काढून ठेवतो.
- कुबड्यांवर एका पायाने उड्या मारत चालाल तर चांगल्या पायाच्या चवड्यावर जास्त भार येतो. तोही पाय बधिर असण्याचीच शक्यता जास्त. तोही रोज बघा.
- टाचेची जखम अंथरुणात दबते. पोटरीखाली उशी अशी ठेवा की टाच हवेत राहील. उशी टाचेखाली ठेवून उपयोग नाही.
- पाणी, औषधं, फोन, चष्मा हे हाताशी ठेवा. दिवसातल्या निम्म्या फेऱ्या एवढ्यानेच वाचतात.

पहिल्या भेटीतून बाहेर पडताना मलमाचं नाव विसरलात तरी चालेल. 'या जखमेवर वजन पडू नये म्हणून मी नक्की काय घालायचं आणि किती वेळ?' याचं स्पष्ट उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

घट्टा आणि मेलेलं मांस काढणं

बाहेरून बटणाएवढी दिसणारी जखम असते. भोवती पिवळट, मेणासारखा कडक घट्टा. डॉक्टर ब्लेडने तो पापुद्र्या-पापुद्र्याने तासायला लागतात. पहिल्या दोन-तीन थरांखाली पांढरट, पाण्याने फुगलेली कातडी दिसते, तिच्याखाली कडेने आत गेलेली पोकळी. तासून झाल्यावर कडांना बारीक रक्त येतं आणि जखम आधीच्या दुप्पट मोठी दिसते. रुग्णाला काही कळलेलंही नसतं, तो गप्पा मारत असतो. शेजारी उभ्या असलेल्या घरच्यांचा चेहरा मात्र उतरतो: डॉक्टरांनी जखम मोठी करून ठेवली. ती मोठी केलेली नाही, तेवढीच होती. घट्ट्याने झाकली होती. कडेला आलेलं ताजं रक्त ही चांगली खूण आहे.

हे काम एकदा करून संपत नाही, घट्टा पुन्हा येतो आणि दर भेटीत काढावा लागतो. मात्र पायाला रक्त कमी असेल तर हात आखडता घेतात. बोटाच्या टोकावर कोरडी, काळी, घट्ट बसलेली खपली असेल आणि आजूबाजूला संसर्ग नसेल, तर रक्तपुरवठ्याचा निकाल लागेपर्यंत ती कोरडीच ठेवतात. घरी ओली करून सोलायचा प्रयत्न करू नका.

याच वेळी डॉक्टर बोथट टोकाची धातूची सळई जखमेत अलगद घालून बघतात. टोक टणक, खरखरीत जागेला टेकलं तर हाडापर्यंत जखम गेली असण्याची आणि हाडात संसर्ग असण्याची शक्यता खूप वाढते. एक्स-रे लगेच काढतात, पण हाडातला बदल त्यात दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणून पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दुसरा मागवला तर पैसे उकळतायत असं समजू नका. तरीही उलगडा झाला नाही तर एमआरआय करतात.

अँटिबायोटिक कधी

प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतात. त्यांचं असणं म्हणजे संसर्ग नव्हे. सूज, लाली, गरमपणा, दुखणं, पू यांपैकी किमान दोन गोष्टी असतील तर संसर्ग धरतात. यातलं काही नसेल तर अँटिबायोटिकने जखम लवकर भरत नाही. जुलाब होतात, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्या औषधाला दाद न देणारे जंतू तयार झालेले असतात.

संसर्ग असेल तर जखम साफ करून आतल्या मांसाचा तुकडा तपासणीला पाठवणं बरं. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात जखमेवर नुसतेच बसलेले जंतूही येतात आणि दिशाभूल होते. मऊ मांसातल्या संसर्गाला सहसा एक ते दोन आठवडे औषध पुरतं. हाडात असेल आणि हाड काढलं नसेल तर सुमारे सहा आठवडे. जखम उघडी आहे म्हणून ती भरेपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या नसतात.

घरचं ड्रेसिंग

किती दिवसांनी बदलायचं ते जखम किती ओली आहे यावर ठरतं. डॉक्टर किंवा नर्स सांगतील तसं करा. पद्धत मात्र दर वेळी हीच.

हात साबणाने धुवा. लागणारं सगळं स्वच्छ कपड्यावर आधीच मांडून घ्या, म्हणजे मधेच कपाटाला हात लावावा लागणार नाही. जुनी पट्टी काढा. चिकटली असेल तर सलाइनने भिजवून थांबा, ओढू नका. नव्याने आलेलं नाजूक मांस तिच्याबरोबर उपटून येतं. काढलेली पट्टी लगेच टाकून देऊ नका, आधी बघा. डाग किती मोठा, रंग काय, वास कसा. कालपेक्षा डाग वाढला असेल तर ते जखमेच्या दिसण्याआधी कळतं. मग जखम सलाइनने धुवा, भोवतीची कातडी टिपून कोरडी करा, बोटांच्या फटी विसरू नका. नवी पट्टी ठेवा आणि बांधताना वेढे घट्ट घेऊ नका. बोटांची टोकं उघडी राहू द्या, म्हणजे रंग दिसत राहील. बुटात मावणार नाही इतकी जाड पट्टी नको, तीच दाब देते.

पट्ट्यांच्या प्रकारांवर दुकानदार तासभर बोलू शकेल. सूत्र छोटं आहे: जखम ओलसर असावी, चिंब नसावी आणि सुकून फाटावीही नाही. फार पाझरत असेल तर फोम किंवा अल्जिनेट (दोन्ही पाणी शोषणाऱ्या पट्ट्या), कोरडी असेल तर जेल. चांदी किंवा मध घातलेल्या महागड्या पट्ट्यांनी ही जखम लवकर भरते असा भक्कम पुरावा नाही, तेव्हा खिशाला परवडत नसतील तर मन खट्टू करू नका. ते पैसे वजन उतरवणाऱ्या साधनावर घाला. सक्शन लावून जखम ओढून घेणारं यंत्र शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या जखमांना उपयोगी पडतं. जास्त दाबाखाली प्राणवायू देणारी बंद खोली रक्तपुरवठा कमी असलेल्या, इतर सगळं करूनही न भरणाऱ्या काही जखमांसाठी विचारात घेतात. पहिल्या महिन्यात कुणी हे सुचवलं तर आधी मूळच्या तीन गोष्टी झाल्यात का ते विचारा.

साखर, खाणं, तंबाखू

साखर वाढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद होतात आणि जखम सुजलेल्या अवस्थेतच अडकून पडते. उलट संसर्गामुळे साखर आणखी चढते. हे चक्र तोडायला काही काळ इन्सुलिन लागू शकतं, त्याला घाबरून नाही म्हणू नका. जखम भरल्यावर पुष्कळदा ते कमी किंवा बंद करता येतं.

'शुगर आहे' म्हणून जेवण निम्म्यावर आणणारी माणसं असतात, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनंच नेमकी कमी पडतात. किती खायचं ते डॉक्टरांना विचारा, विशेषतः मूत्रपिंड दुबळं असेल तर. आणि तंबाखू, कुठल्याही रूपात, बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. आधीच अरुंद वाहिनीला हे परवडत नाही.

मोजा, अंदाज बांधू नका

'बरी दिसतेय' यावर विसंबू नका. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सर्वांत जास्त लांबी आणि तिच्याशी काटकोनात सर्वांत जास्त रुंदी सेंमीत मोजा आणि गुणाकार लिहून ठेवा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोनवर फोटो काढा, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. घट्टा काढल्यानंतरचं माप धरा, आधीचं नाही.

चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं पाहिजे. समजा पहिल्या आठवड्यात ३ बाय २, म्हणजे ६ होतं. चौथ्या आठवड्याच्या अखेरीला ३ किंवा कमी हवं. तसं नसेल तर ती जखम आहे त्याच उपचारावर तीन महिन्यांत भरण्याची शक्यता कमी असते. मग 'अजून थोडं थांबू' म्हणायचं नाही आणि नवं मलमही नाही. पहिल्यापासून पुन्हा तपासायचं: साधन खरंच सगळा वेळ घातलं जातंय का, रक्तपुरवठ्याची तपासणी झाली होती का आणि ती पुन्हा करायची का, हाडात संसर्ग लपलाय का. जखम विचित्र दिसत असेल, कडा उंचावल्या असतील, रंग काळपट असेल, सहज रक्त येत असेल, तर तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. तळव्यावरचा कातडीचा कर्करोग मधुमेहाची जखम समजून महिनोन्महिने ड्रेसिंगखाली राहिल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

जाता जाता एक वेगळीच गोष्ट. जखम नाही, पण बधिर पाऊल अचानक लाल, गरम, सुजलेलं झालं आणि दुखत फारसं नाही, तर ते शार्को पाऊल असू शकतं. त्यात चालता चालता हाडं मोडून पावलाची कमान बसते. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो आणि 'मुरगळलं असेल' म्हणून सोडून दिलं जातं. तपासणी होईपर्यंत त्या पायावर वजन नको.

भरल्यानंतर

जखम मिटली की साधन फेकून जुने बूट चढवायचा मोह होतो. पण नव्या कातडीखालची जागा पहिल्यासारखी मजबूत नसते, आणि ज्या दाबाने जखम झाली तो दाब अजून तिथेच आहे. जखम भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना वर्षभरात आणि सुमारे ६५ टक्के जणांना पाच वर्षांत पुन्हा जखम होते. म्हणून यांची पावलं दर १ ते ३ महिन्यांनी तपासून घ्यायची असतात. वर्षातून एकदा बघून भागत नाही.

घरी रोज, शक्यतो एकाच वेळी, दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या फटी बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, दृष्टी कमी असेल तर घरच्यांनी बघावं. फिकट रंगाचे, शिवण टोचणार नाही असे मोजे घाला. पांढऱ्या मोज्यावर रक्ताचा किंवा पाण्याचा ठिपका लगेच दिसतो. कोरड्या कातडीला क्रीम लावा, पण बोटांच्या फटीत नको. नखं सरळ कापा. अंघोळीचं पाणी पायाने तपासू नका, कोपराने तपासा, आणि ३७ अंशांपेक्षा गरम नको. घरातही अनवाणी नाही.

ज्यांना जमेल त्यांनी कातडीचं तापमान मोजणारा साधा थर्मामीटर घ्यावा. दोन्ही पावलांच्या त्याच त्या जागा रोज मोजायच्या. एका बाजूची एक जागा दुसरीपेक्षा २.२ अंश सेल्सिअसने जास्त गरम लागली आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर आत सूज सुरू झाली आहे. चालणं कमी करा आणि डॉक्टरांना फोन करा. कातडी फुटायच्या आधी मिळणारी ही सूचना आहे, आणि दुखणं हरवलेल्या पायाला तिची फार गरज असते.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. आतली लांबी सर्वांत लांब बोटापेक्षा १ ते २ सेंमी जास्त हवी आणि बोटांवर उंची पुरेशी. बधिर पायाला सैल बूट 'नीट' वाटत नाही. घट्ट बूटच बरोबर बसल्यासारखा वाटतो, म्हणून स्वतःच्या अंदाजावर न जाता मापाने घ्या. पाय कागदावर टेकवून कडेने रेघ ओढा, तो आकार कापा आणि बुटात सरकवून बघा. कागद कडेला दुमडला तर तो बूट नको. घालण्यापूर्वी दर वेळी हात आत घालून खडा, खिळा, निसटलेली शिवण बघायची. नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच, मग काढून पाय बघा. कुठे लाली राहिली नाही तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त.